चिंधी कधीपासून कचरा झाली?

गेल्या आठवड्यात संध्याकाळची बातमी पाठवून घरी निघालो, तर आचरा तिठ्याजवळच्या एका टेलरच्या दुकानामागून काळा धूर येत होता. चिंध्या जळत होत्या. यात बातमी काही नाही, दर आठ-पंधरा दिवसांनी जळतातच. पण या वेळी ढिगाच्या दुसऱ्या टोकाला, जेमतेम चार हातांवर, एक कुत्री व्यायलेली होती. पाच पिल्लं. बाळंतपणासाठी तिने जागा निवडली ती त्याच चिंध्यांची. टेलरमामांनी अर्धा ढीग तिच्यासाठी पायाने बाजूला ओढून ठेवला होता आणि उरलेला पेटवला होता. माणूस वाईट नाही. उलट दुपारच्या डब्यातली अर्धी भाकरी तिलाच जाते.

मी म्हटलं, "मामा, जाळतास कित्याक? हेचीच एक गादी शिवून दिली तर पिलांका?"

ते हसले. "पत्रकारानू, ह्यो काय कपडो? ह्या पिलास्टिक. पयली तुकडो पडलो तर बायका मागून घेयत. आता फुकट दिलंय तरी कोण घेना नाय."

ते वाक्य डोक्यातून जाईना. आमच्या गावात कापडाचा तुकडा मागून नेत होते, आणि आता फुकट दिला तरी कोणी घेत नाही. हे नेमकं कधी झालं? गेले चार दिवस मी त्याच्याच मागे आहे, म्हणून ही पोस्ट लांबली आहे. वेळ असेल तेव्हा वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे कोकणात कापूस पिकत नाही. एवढ्या पावसात आणि या लाल मातीत तो होणारच नाही. उशीत भरायला सावरीचा कापूस मिळायचा, पण त्याचा धागा होत नाही. म्हणजे अंगावरचं सुती कापड हे आमच्याकडे कायम बाहेरून आलेलं. आधी गलबतातून, मग आगबोटीतून, मग एसटीच्या टपावरच्या वळकटीतून. जे पिकत नाही ते माणूस जपून वापरतो.

त्यामुळे घरात कापडाला एक उतरंड होती. माझ्या आजीच्या नऊवारी लुगड्याचा प्रवास आयेने मला परवा पुन्हा सांगितला, तो जसाच्या तसा देतो. नवं लुगडं सणाला आणि देवळात. दोन वर्षांनी ते रोजच्या वापरात. मधोमध विरलं की तो भाग कापून दोन धड टोकं एकमेकांना जोडायची, त्याला दांड घालणं म्हणतात. दांडाचं लुगडं शेतात. तेही गेलं की धड भाग गोधडीच्या पोटात, मऊ भाग बाळाच्या दुपट्याला आणि लंगोटांना. काठ चुंबळीला, कारण काठ चिवट असतो. उरलं त्याचं हातफडकं, मग सारवणाचं पोतेरं. आणि सगळ्यात शेवटी, जेव्हा त्याला धड फडकंही म्हणता येत नाही तेव्हा, गोणपाटाच्या तुकड्यावर टाके मारून ते कुत्र्याला आणि मांजराला.

ही शेवटची पायरी मी लहानपणी पाहिलेली आहे. गुरांच्या पायाखाली पातेरो, कोंबडीच्या डालग्यात गवत, मांजर चुलीच्या उबेला, आणि कुत्र्याला पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाची घडी. त्याला गादी असं कोणी म्हटलं नसतं. पण ती शिवलेली असायची. मे महिन्यात पावसाच्या आधी खळ्यात मांडवाखाली बायका गोधड्या भरायला बसत. जुन्या लुगड्याच्या काठातून ओढून काढलेला दोरा, आणि बाहेरून आत चौकोनात फिरत जाणारा धावदोरा. शेवटी जे तुकडे कशातच बसत नाहीत ते आजी एका बाजूला सारायची आणि म्हणायची, "हे काळूचे." काळू आमचा कुत्रा.

आता गावपळणीची गोष्ट सांगतो. आचऱ्याबाहेरच्या मंडळींसाठी: दर तीन-चार वर्षांनी श्री देव रामेश्वराचा कौल झाला की आमचं अख्खं गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. सगळ्या वाड्या, सगळ्या जाती-धर्मांची माणसं. घराला कडी लावायची आणि निघायचं. गुरं, शेळ्या, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी बरोबर. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेतात आणि झाला तर परत. शेजारच्या चिंदरला आणि वायंगणीलाही ही प्रथा आहे. दर वेळी टीव्हीवाले येतात आणि भुताखेतांचं विचारून जातात. मी स्वतः पत्रकार म्हणून तीनदा ही बातमी लिहिली आणि प्रत्येक वेळी तेच लिहिलं: माणसं, रिकामी घरं, शुकशुकाट. जनावरांबद्दल एक ओळ. कुठल्याही गावाला आपलं मांजरसुद्धा मोजून बरोबर न्यावं लागतं याची बातमी करायचं मला कधी सुचलं नाही.

मी दुसरीत असेन. त्या गावपळणीत काळू पहिल्या रात्री राहुटीत टिकेना. दोरी ताणायचा, रडायचा, वेशीकडे तोंड करून भुंकायचा. आजोबा वैतागले. आजीने वळकटी सोडली आणि तळातून त्याची ती पडवीतली घडी काढली. सगळ्या सामानातून तिने ती आठवणीने आणली होती. जमिनीवर टाकल्याबरोबर काळूने ती हुंगली, तीन फेऱ्या मारल्या आणि झोपला. आज जनावरांचे डॉक्टर सांगतात की कुत्र्याला नव्या जागी नेताना त्याच्या वासाचं कापड बरोबर ठेवा. आजीला हे कोणी शिकवलं असेल ते रामेश्वराला ठाऊक.

चिंधीला मान होता, आणि तो फक्त गरिबीमुळे होता असं मला वाटत नाही. बौद्ध भिक्खूंचं चीवर मुळात पांसुकूलाचं, म्हणजे उकिरड्यावर टाकलेल्या चिंध्या धुऊन जोडलेलं. विनयपिटकात कथा आहे की बुद्धाने आनंदाला मगधातली बांधाबांधाची भातशेतं दाखवली आणि तशा चौकोनांचं चीवर शिवायला सांगितलं. द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधली ती शालू फाडून, ही गोष्ट तर आपल्याकडे प्रत्येक आजीला येते. गाडगेबाबा ठिगळांचा अंगरखा घालून फिरले, काही भागात लोक त्यांना गोधडेबुवाच म्हणत. आणि नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. आता मात्र मुंबईत कोणाला हिणवायचं असेल तर त्याला 'चिंधी' म्हणतात.

जपानच्या उत्तरेला थंडीमुळे कापूस होत नाही. तिथली माणसं ओसाकाकडून जहाजाने येणाऱ्या जुन्या सुती चिंध्या विकत घेत आणि थरावर थर शिवत. त्याला ते बोरो म्हणतात. आज त्यातले तुकडे संग्रहालयात काचेमागे आहेत. कारण आपल्यासारखंच, कापूस पिकत नाही म्हणून. त्यांनी ते जपलं एवढाच फरक.

आमच्या घरात कापड यायचं ते मुंबईहून, आणि जनावरांसाठी शहराने काय केलं त्याचा धागाही तिकडेच जातो. १८३२ सालची गोष्ट. कंपनी सरकारने उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढलेला होता, मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस. मुदत वाढली, बक्षिसाच्या लोभाने घरातली कुत्रीसुद्धा मारली जाऊ लागली. ६ जूनला फोर्टात पारशांचा जमाव पोलिसांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, जैन आणि हिंदू व्यापारीही सामील. सैन्याच्या छावणीला जाणारं अन्नपाणी अडवलं. मुंबईतल्या पहिल्या मोठ्या दंगलींत तिची गणना होते, आणि ती कुत्र्यांवरून झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं. भुलेश्वरला आजही पांजरपोळ याच नावाने पत्ता सांगतात.

पुढे १८५४ मध्ये कावसजी दावरांनी पहिली कापड गिरणी काढली आणि काही दशकांत परळ-लालबाग भोंग्यांवर चालू लागलं. तिथल्या साच्यांवर उभे कोण होते हे सिंधुदुर्गात कोणाला सांगायची गरज नाही. आणि गंमत बघा, १८८३ साली परळला जनावरांचं जे मोठं हॉस्पिटल सुरू झालं, बाई सकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं, ते काढणारे सर दिनशा माणेकजी पेटिट हे गिरणीमालकच. ज्या परळात आमच्या गावची माणसं एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीने झोपत, त्याच परळात बैलाला आणि कुत्र्याला स्वतंत्र कोठडी होती. ही टोमण्याची गोष्ट आहे हे मला कळतं. माझे आजोबा त्या पंधरा-वीस जणांत होते. तरी ते सुट्टीला येताना गिरणीच्या दुकानातून कटपीसचं गाठोडं आणायचे, आणि त्यातला सगळ्यात रद्दी तुकडा कुठे जायचा ते वर आलंच आहे.

मग ते गाठोडं यायचं थांबलं. १ मे १९८१ ला आमचा जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला, आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या मागे घेतल्याचं आमच्या घरात कोणाला आठवत नाही. त्याच १९८२ साली रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. १९८५ च्या जूनमध्ये केंद्राचं नवं वस्त्रोद्योग धोरण आलं आणि कृत्रिम धाग्याला मोकळी वाट मिळाली. पॉलिएस्टर शोधलं गेलं ते इंग्लंडमध्ये, १९४१ मध्ये, म्हणजे माल नवा नव्हता. स्वस्त मात्र तेव्हा झाला. माझा पहिलीचा गणवेश सुती होता, पाचवीचा टेरीकॉट. आये खूश होती: इस्त्री नको, वाळतो पटकन, विरत नाही.

विरत नाही, हीच मेख आहे. आजीची सगळी उतरंड कापड विरण्यावर उभी होती. वापराने मऊ होत होत ते खालच्या पायरीवर यायचं. पॉलिएस्टर मऊ होत नाही. ते मळतं, गोळे धरतं, पण लुगड्यासारखं म्हातारं होत नाही. कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल हवेतूनच धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून त्याचा लंगोट होत नाही, पोतेरं होत नाही, चुंबळ डोक्यावरून घसरते. जाळलं तर राख न होता वितळून थेंब पडतात. उतरंडीच्या मधल्या सगळ्या पायऱ्या एकदम गळाल्या आणि नवं कापड थेट उकिरड्यावर आलं. पूर्वी बोहारीण जुन्या कपड्यावर भांडं तरी द्यायची. आता भंगारवाला बाटली घेतो, पत्रा घेतो, चिंधीची गोणी पाहिली की पुढे जातो.

त्यात दुसरी भर. गेल्या काही वर्षांत शिवणयंत्रं गावोगावी आली, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. सप्टेंबर २०२३ पासूनच्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत शिंपीकामही आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत मिळते. बायका शिकल्या, ब्लाउज, नाइटी, शाळेचे गणवेश घरी शिवू लागल्या. पण कातरकामात कापडाचा काही भाग तुकडा म्हणून पडणारच. गावात जितकी यंत्रं, तितके छोटे ढीग. कचऱ्याच्या आमच्या सगळ्या मोहिमा ओला आणि सुका या दोन शब्दांवर चालतात. चिंधी कुठे टाकायची, असं मी एका ग्रामसभेत विचारलं होतं. लोक हसले, आणि विषय रस्त्याच्या खड्ड्यांवर गेला. (तोही महत्त्वाचाच, नाही म्हणत नाही.)

चिंधीला बाजार असू शकतो याचं उदाहरण फार लांब नाही. गोव्यापलीकडे उत्तर कन्नडमध्ये हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्टीत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज, घरात कोकणीच्या वळणाची भाषा बोलतात. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या करतात, त्याला कवंद म्हणतात. कडेकडेने सुरू करून मध्याकडे शिवत जायचं आणि शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेलं कापडी फूल. फुलाशिवाय गोधडी उघडी वाटते, असं त्या मानतात. आता त्या गोधड्या परदेशातल्या प्रदर्शनांत लागतात. आपल्या आज्यांचा टाका त्याच कुळातला आहे. आपण तो ब्लँकेट आल्यावर सोडला.

तर, टेलरमामांकडून मी दोन गोण्या घरी आणल्या. आये म्हणाली, "येडो की काय तू?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती चष्मा लावून बसली होती. आधी निवड. धाग्याला काडी लावायची: राख झाली तर सुती, मणी झाला तर दुसरं. अस्तराचे तुकडे, टू बाय टू ब्लाउजपीस, होजिअरी हे एका बाजूला. चमकीचं, गणवेशाचं, साडीच्या फॉलचं दुसऱ्या बाजूला. हुक, बटणं, इलॅस्टिक आणि लांब दोरे काढून टाकले. हे कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका, कारण कुत्र्याचं पिल्लू हुक गिळतं आणि मांजराच्या पोटात लांब दोरा गेला तर आतडी गोळा होतात.

पहिली गादी मी भरली. जुन्या जीन्सच्या पायात चिंध्या ठासून ठासून. ती झाली फुटबॉलसारखी, शेजारचा कुत्रा चढला आणि घरंगळला. नंतर तो तिच्या शेजारी जमिनीवर झोपला. दुसरी चपटी केली, तर एकदा धुतल्यावर सगळा माल एका कोपऱ्यात. तिसरीला आयेने हात घातला. तुकडे बोटभर लांबीचे कापले, खाली आणि मधे पॉलिएस्टर, वर सुती थर, आणि वीत-वीत अंतरावर आरपार धावदोरा. म्हणजे शेवटी गोधडीच. पॉलिएस्टरचा उपयोग इथे होतो: ओल धरत नाही म्हणून पोटात ते बरं, पटकन वाळतं. अंगाला लागतं तिथे सुती. आणि सगळ्याखाली गोणपाट, आमच्याकडे जमीन ओली असते म्हणून. व्यायलेल्या कुत्रीला मात्र भरलेली गादी द्यायची नाही, पिल्लू मऊ खळग्यात दबतं. तिला सपाट, पातळ, रोज बदलता येईल अशी घडी. हे आयेने सांगितलं. तिला विचारलं, तुका कसा ठाऊक? म्हणाली, "आजीन काय फक्त माणसांचीच बाळंतपणा केल्यान?"

दोन गोण्यांतून तीन धड गाद्या आणि पाच घड्या निघाल्या. ऑनलाइन असली गादी हजाराच्या घरात मिळते, आणि आत असतं तेच पॉलिएस्टर.

काहीजण लिहितील ते मला माहीत आहे. माणसांना अंथरूण नाही आणि कुत्र्यांना गादी? मी ते वाक्य टाळत नाही. गावात कुत्रा चावलेल्या पोराच्या बातम्या मीच करतो, लस मिळेपर्यंत आईबापांचे काय हाल होतात तेही पाहतो. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झालंच पाहिजे, गादीने तो प्रश्न सुटत नाही. पण जळणारी चिंधी कोणा माणसाच्या अंथरुणातून काढलेली नाही. ती जळते तेव्हा तिचा धूर दुकानामागच्या तीन घरांत जातो, त्यांतल्या एका घरात दम्याची म्हातारी आहे. तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी सुरुवात कुत्रीपासून केली.

टेलरमामांनी आता दुकानात दोन गोण्या टांगल्या आहेत. एकीवर खडूने 'सुती' लिहिलंय, दुसरीवर काही नाही. दर शनिवारी मी उचलणार. बाजारातल्या आणखी दोन टेलरांना विचारलंय, एक हो म्हणाला, एकाने "बघूया" म्हटलं. तीन वाड्यांतल्या बायकांनी बसून शिवायची तयारी दाखवली आहे, पण मजुरी किती आणि ती कोण देणार याचा मेळ अजून लागलेला नाही. फुकट शिवा, असं मी कोणालाही सांगणार नाही.

पाचातली तीन पिल्लं आहेत. एक गाडीखाली गेलं, एक कोणीतरी पाळायला नेलं. उरलेली आयेच्या घडीवर, कुत्रीसकट.

बाहेरच्या कव्हरसाठी जुन्या जीन्स, पडदे, जाड चादरी लागतात. आचरा, चिंदर, वायंगणीकडच्या कोणाकडे असतील तर धुऊन, बटणं आणि चेन काढून तिठ्यावर आणून द्या. शनिवारी सकाळी दहाच्या आत.